तडे

खिडकीची ती काच अजून एका खोक्यात आहे,
कार्डिफच्या कुठल्याशा तळघरात, चिकटपट्टीवर क्रमांक.
परवा फोन आला : परत हवी आहे का?
मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

त्या तज्ज्ञाला काच वाचता यायची.
भर कोर्टात त्यानं ती उजेडासमोर धरली
ज्योतिष्यानं तळहात धरावा तशी :
हे बारीक तड्यांचं जाळं बघा.
आग एकदम भडकली तरच हे असं उठतं.
म्हणजे पेट्रोल.
म्हणजे आधीच ओतून ठेवलेलं.
म्हणजे घरातलंच कुणीतरी.

तीन 'म्हणजे'. तेवढ्या पायऱ्यांवरून
माझी माणसं खालच्या कोठडीत उतरली :
बाबा, एम्रिस. आई, मार्गेद.
आणि गेथिन, ज्याला सतरावं लागून
बारा दिवस झाले होते.
मी नऊ वर्षांची. मला बाकावर ठेवलं,
आत्याच्या ओल्या कोटाशेजारी.

वरच्या खोलीतले मिस्टर पेनरी त्या आगीत गेले.
त्यांचं नाव फिर्यादीत होतं, पण त्यांना चिप्सवर
दुप्पट व्हिनेगर लागायचं हे कुठेच नव्हतं.
आई त्यांच्यासाठी पाकीट वेगळं बांधायची.
त्यांनाच मारलं, असं आम्हाला ऐकावं लागलं,
उभं राहून.

बाबा दुकान काढायच्या आधी खाणीत होते.
चौदाव्या वर्षी पहिला धडा मिळाला तो दिव्याचा :
काच तापली की थेंब पडू द्यायचा नाही.
त्यांनी वकिलाला तेच सांगितलं.
त्या रात्री बंबवाल्यांनी पाणी मारलं, साहेब,
काच भाजून निघालेली, आणि वरून डोंगरातलं पाणी.
वकील बरा माणूस होता. हसला.
म्हणाला, एम्रिस, तो डॉक्टर आहे.
तुम्ही मासे तळता.

गाव आम्हाला पाण्यात पाहू लागलं.
उत्तर पाण्यातच होतं,
पण तिथं कुणी पाहिलं नाही.

अकराव्या वर्षी बाबा गेले, यॉर्कशरमध्ये,
छातीत जुना कोळसा आणि नवी सर्दी.
गेथिनचे पुढचे दात गेले. कसे, ते तो सांगत नाही.
आईनं मला दर महिन्याला पत्र लिहिलं
आणि एकाही पत्रात काचेचा शब्द काढला नाही.

मग एका पोरीनं, माझ्याहून लहान असेल,
प्रयोगशाळेच्या भट्टीत एक काच ठेवली
आणि हळूहळू तापवली. तासभर. पेट्रोल नाही,
भडका नाही, कुणाचा हेतू नाही.
बाहेर काढून नळीतून एक थेंब सोडला.
टच्च.
आणखी एक. टच्च.
तेच जाळं. रेघेला रेघ.
मला तिनं तो व्हिडिओ दाखवला तेव्हा
मी आवाज बंद करायला सांगितलं.

कोर्ट म्हणालं, तो निकाल सुरक्षित नव्हता.
जणू एखादा जिना, किंवा पूल.
निर्दोष हा शब्द त्यांच्याकडे वेगळ्या कपाटात असतो म्हणे,
आणि त्याची किल्ली त्या दिवशी कुणी आणली नव्हती.
तज्ज्ञ आता सेवानिवृत्त आहेत. गुलाब लावतात.
त्यांनी कळवलं की त्या काळी सगळेच असं वाचत.
खरंही असेल.

शेवटी आणलीच मी ती काच,
मांडीवर घेऊन, बसमधून, दोन टॉवेलांत गुंडाळून.
गेथिन उठून बाहेर गेला.
आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.
एका कोपऱ्यात आमच्या घराची काजळी होती,
तेवीस वर्षं कुणी न पुसलेली.
तिनं त्यावरून अंगठा फिरवला,
म्हणाली, किती मळलीय,
आणि मोरीशी जाऊन नळ सोडला.

हात धारेखाली धरून
पाणी कोमट होईपर्यंत
थांबली.